पावणेतीन व्होल्ट

बॅटरीवर मीटर टेकवला तर साडेबारा.
पुढे, दिव्याच्या होल्डरात, पावणेदहा.
"मधले पावणेतीन व्होल्ट कुठे गेले, बाई?"
तांबोळी मिस्त्रींनी असं विचारलं
की वाटावं, मीच नेले घरी पिशवीत घालून.

नाना पेठ, दुपारचे चार.
फुटपाथवर अर्धी चढवलेली अच्युतदादाची पद्मिनी,
त्र्याऐंशीची. बॉनेट उघडं,
आणि टपरीवरचे दोघं चहा विसरून
आत वाकलेले, विनाकारण.

दादा म्हणायचा, दिवे चांगलेच आहेत,
हल्ली रस्तेच काळे करतात.
मी तरी नवे घेतले, मोठ्या काचेचे, पावतीसकट,
लावले,
आणि तोच उजेड,
पाणी वाढवलेल्या वरणासारखा.
"दिवे आंधळे नाहीत," मिस्त्री म्हणाले, "उपाशी आहेत."

मला हे आधीच कळायला हवं होतं.
एकशे अठ्ठ्याण्णव नंबरवर सव्वीस वर्षं
मी पुणेकरांच्या तक्रारी उतरवून घेतल्या:
आवाज लांबून येतो.
विहिरीतून बोलल्यासारखा येतो.
मुलगा नाशिकला आहे हो, पण चंद्रावर असल्यासारखा.
फोन ठीकच असायचा बहुतेकदा,
मुलगाही ठीक असायचा,
कुठल्यातरी खांबावर
एक सांधा हिरवा पडलेला असायचा.

इथे सगळा करंट
बॅटरीतून निघून आधी डॅशबोर्डकडे यायचा,
सुपारीएवढ्या स्विचमधून अंग चोरून सुटायचा
आणि परत पुढे जायचा, चाळीस वर्षांच्या वायरीतून,
दमलेला.
स्विच हाताला गरम लागे.
दादा म्हणे, इंजिनाची धग.

मिस्त्री वायर सोलत गेले.
आत, पत्र्याच्या भोकापाशी, एक गाठ निघाली:
तांब्याची दोन टोकं पिळलेली,
वर दवाखान्यातली चिकटपट्टी,
दोन वेढे, शेवटचं टोक दुमडून,
म्हणजे सोडवताना नख लागावं.
माझ्या गुडघ्यांवर अशीच असायची.
"हा कुठला डॉक्टर?" मिस्त्री हसले.
मी म्हटलं, "कंपाउंडर."

मग दोन रिले, काळे, काडेपेटीहून लहान.
तीस नंबरला बॅटरी, मध्ये फ्यूज, बॅटरीपासून वीतभरावर.
सत्त्याऐंशीतून थेट दिव्याला, चार स्क्वेअरची जाड वायर.
शहाऐंशीला जुन्या स्विचची तार.
पंच्याऐंशी अर्थला,
आणि त्यासाठी त्यांनी चाकूनं रंग खरवडला,
खालचा पत्रा चमकेपर्यंत.
माझा जीव कळवळला.
"रंगावर अर्थ लागत नाही, बाई," ते म्हणाले,
आणि वर व्हॅसलिनचं बोट फिरवलं.

स्विचला आता एवढंच काम:
हो म्हणायचं.
ओझं दुसरा नेतो.

मीटर पुन्हा टेकवला. बारा आणि वर थोडं.
"हे थोडं राहिलं ते?"
"तेवढं वायर खाणारच. तिलाही पोट आहे."

रात्री दादाला शेजारी बसवलं.
मोतीबिंदू पिकतोय, ऑपरेशनला तारीख देत नाही,
बेल्ट लावताना मात्र माझा हात झटकतो.
स्वारगेटच्या सिग्नलला इंजिन मंदावलं,
उजेड जरासा बसला,
हे मिस्त्रींनी सांगूनच ठेवलं होतं,
अल्टरनेटरचं पुढच्या पेन्शनला बघू.
"टिक् असं काय वाजलं?"
"रिले."
"कशाला हवा?"
मी उत्तर दिलं नाही. पर्समध्ये ती पट्टी होती,
अजून चिकट, एका कडेला.

जुना कात्रज घाट. तिसरं वळण.
मी डिपर दाबला,
आणि दरीकडचे पांढरे दगड
एकामागून एक उभे राहिले,
त्यांच्या मागचं गवत,
गवतात एक कुत्रं, कान टवकारून,
आणि लांब, जिथे काहीच नसायचं तिथे,
पुढचं वळण.

दादा काचेला नाक लावून बसला होता.
"हे दगड नवीन बसवले काय गं?"
मी गिअर खाली घेतला.
"हो. याच वर्षी."

"तरीच," म्हणाला.